नोंद आहे, नाव नाही

२०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांना एकाएकी महत्त्व आले. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. तिला हवे असलेले कागद फडक्यांत बांधून मांडण्यांवर पडले होते आणि त्यांतले जुने कागद मोडी लिपीत होते. इतिहासाच्या अभ्यासकांबाहेर ज्यांना फारसे कुणी विचारत नसे, त्या मोडी जाणकारांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी जाऊ लागली. तपासायच्या कागदांची यादी लांबलचक होती. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, असे बरेच काही तिच्यात होते. पण लोकांच्या तोंडी बसले ते नाव एकच : गाव नमुना नंबर १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची वही. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात.

या वहीचे पान उघडले की हाताने आखलेले रकाने दिसतात. अनुक्रमांक, तारीख, बापाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण, मुलगा की मुलगी, आणि शेवटी शेऱ्यासाठी थोडी जागा. बापाच्या नावात मध्ये ‘बिन’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, असते, त्यामुळे आजोबाचेही नाव कळते. शाई बोरूची असेल तर अजून काळीभोर टिकलेली असते. मागाहून आलेल्या टाकाची शाई मात्र बऱ्याचदा तपकिरी पडून कागदाच्या पाठीमागे उमटलेली दिसते. ओळीमागून ओळी वाचत गेले की एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्यासाठी ही ओळ लिहिली, त्या बाळाचे नाव बहुतेक ओळींत नाहीच. अमक्या बिन तमक्याला मुलगा झाला, किंवा मुलगी झाली, इथेच नोंद संपते.

हा कारकुनाचा निष्काळजीपणा नव्हता. नाव विचारलेच गेले नव्हते, कारण वही सुरू करणाऱ्यांना नावाची गरज नव्हती. त्यांना आकडा हवा होता. आज पन्नाशी-साठी उलटलेली माणसे जन्माचा दाखला काढायला तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, तेव्हा “वेळेवर नोंद का केली नाही?” हा प्रश्न त्यांना ऐकावा लागतो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर या वहीच्या इतिहासात आहे.

ब्रिटिश सरकारला जन्मापेक्षा मृत्यूची काळजी आधी लागली. पटकी, देवी आणि तापाच्या साथींनी लष्करी छावण्या आणि बंदरे पोखरली जात होती, तेव्हा कुठे किती माणसे कशाने मरतात हे समजणे निकडीचे झाले. मुंबई शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्मशाने आणि दफनभूमींवरून मृत्यूंचे आकडे गोळा होऊ लागले, आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात जन्म आणि मृत्यू दोन्हींच्या नोंदणीची कलमे आली. मुलखात हे काम गावकामगारांच्या गळ्यात पडले. पाटलाने खबर ठेवायची, कुलकर्ण्याने लिहायचे, गोषवारा तालुक्याला जायचा, तालुक्यातून जिल्ह्याला, आणि शेवटी मुंबई सरकारच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात अख्ख्या जिल्ह्याची एक ओळ व्हायची. दर हजारी जन्म किती, दर हजारी मृत्यू किती. त्या अहवालासाठी मुलाचे नाव काय ठेवले याला काहीच किंमत नव्हती.

जन्माच्या वहीचा दुसरा उपयोग देवी काढणाऱ्याला होई. १८७७ च्या कायद्याने मुंबईत तान्ह्या मुलांना देवीची लस सक्तीची झाली आणि १८९२ मध्ये जिल्ह्यांसाठीही लसीकरणाचा कायदा झाला. कोणत्या आळीत नवे बाळ जन्मले हे कळायला वहीचा आधार होता. त्यामुळे काही घरांत बाळाची खबर पाटलाच्या कानावर न घालण्याकडेच कल असे. देवी हा आजार देवीचा कोप मानला जाई, आणि लेकराच्या दंडावर सुरी चालवणाऱ्याला घर दाखवायला आईबाप राजी नसत. प्लेगाने तर हा अविश्वास टोकाला नेला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्यानंतर मुंबई-पुण्यात घरझडती आणि सक्तीच्या विलगीकरणाचे जे सत्र सुरू झाले, त्यात लोकांनी आजारी माणसे लपवली, मृत्यू लपवले. घरात काय घडले हे सरकारला सांगितले की संकट दारात येते, हा धडा त्या काळाने लोकांना दिला. पुढे कितीतरी वर्षे नोंदणीला जो थंड प्रतिसाद मिळाला त्याची मुळे इथे शोधावी लागतात.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची रीत थोडी निराळी होती. तिथे गावचा कोतवाल वही घेऊन ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात जायचा आणि गावातल्या जन्म-मृत्यूंची खबर द्यायचा. कोतवालाला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे, म्हणून वहीत लिहिणारा हात दुसऱ्याच कुणाचा असे. तरीही या पद्धतीने विदर्भात नोंदींची एक सलग माळ तयार झाली. २०२३ च्या शोधात विदर्भात कुणबी नोंदी मुबलक सापडल्या आणि मराठवाड्यात तुटपुंज्या, याचे एक कारण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे आहे. तिथल्या महसुली कागदांची घडण वेगळी, भाषा उर्दू आणि बरेचसे दप्तर हैदराबादेत. समितीला त्यासाठी हैदराबादपर्यंत जावे लागले.

आज या जुन्या वह्यांना जी किंमत आहे ती जातीच्या रकान्यामुळे. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढताना अर्जदाराच्या पूर्वजांचे त्या त्या ठरलेल्या तारखेला राज्यात वास्तव्य दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर आलेल्या जन्मदाखल्यावर जात नसते, म्हणून पणजोबाच्या जन्माची मोडीतली ओळ पणतवाच्या फायलीत सर्वांत वजनदार कागद ठरते. तापाची साथ मोजण्यासाठी लिहिलेली ओळ आरक्षणाचा पुरावा होईल, हे ती लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या स्वप्नातही आले नसेल.

सरकारी वही येण्याआधी लोक जन्म नोंदवीतच नव्हते, असे नाही. ब्राह्मण, सरदार आणि सावकार घराण्यांत पत्रिका करण्याची चाल होती. शक, संवत्सर, मास, तिथी, नक्षत्र आणि घटका-पळांपर्यंत वेळ टिपली जाई. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर फिरून कुळांच्या वंशावळी वाचून दाखवीत आणि त्यांत नव्या पिढीची भर घालीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात. गंमत अशी, की या सगळ्या वह्यांत नाव आणि नाते यांनाच मान होता; सरकारी वहीत जे गाळले गेले नेमके तेच.

मात्र कागद असला तरी तारीख ठरतेच असे नाही. महाराष्ट्राने याचा सर्वांत मोठा वाद अनुभवला तो शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. लोकमान्य टिळकांना भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरून एक शकावली मिळाली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा दिला होता. पुढे जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीने आणि परमानंदाच्या शिवभारताने याच तिथीला दुजोरा दिला. १९६६ मध्ये सरकारने इतिहासकारांची समिती नेमली, तरी एकमत झाले नाही. अखेर २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. छत्रपतींच्या जन्माची तारीख अधिकृत व्हायला ३७१ वर्षे लागली. त्यासाठी जे पुरावे तपासले गेले त्यांची जात आजच्या विलंबित नोंदणीच्या फायलीतल्या पुराव्यांचीच आहे : घरात जपलेला जुना कागद, दूरच्या ठिकाणी मिळालेली दुसरी नोंद, आणि त्या काळाच्या जवळच्या माणसाची साक्ष.

पत्रिका नसलेल्या बहुसंख्य घरांत जन्म आठवणीत राहायचा आणि ती आठवण एखाद्या मोठ्या घटनेला बांधलेली असायची. थोरला प्लेगाच्या साली झाला, मधली गांधींना मारले त्या थंडीत, धाकटा पानशेत फुटले तेव्हा पोटात होता. या खुणा वाटतात तितक्या कच्च्या नाहीत. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. म्हातारी “भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी” म्हणाली, तर ती तारीखच सांगत असते. अडचण एवढीच, की अर्जाच्या रकान्यात ती तशी लिहिता येत नाही.

वयाचा पुरावा नसण्याची सर्वांत मोठी किंमत मुलींनी मोजली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची अट दहावरून बारावर आली. त्यावर महाराष्ट्रात केवढे रण माजले हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुलगी बारा वर्षांची आहे की अकराची, हे कोर्टात दाखवायचे कशावरून? सरकारी वहीत असली तर ‘मुलगी’ एवढीच ओळ, तीही बापाच्या नावाखाली. एका बापाला तीन मुली असतील तर कोणती ओळ कोणाची, हे सांगायला पुन्हा घरच्यांचीच जबानी, आणि घरचेच आरोपी. १९२८ साली सरकारने या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. १९२९ च्या अहवालात समितीने लग्नांची वयासकट नोंद व्हावी आणि जन्मनोंदणी चोख व्हावी, असा आग्रह धरला. त्याच वर्षी लग्नाचे किमान वय ठरवणारा सारडा कायदा आला. मुलीचे वय १४, मुलाचे १८. कायदा १ एप्रिल १९३० ला लागू होण्याआधी लग्ने उरकून घेण्याची देशभर झुंबड उडाली. लग्नाचे वय कायद्यात आले, पण ते सिद्ध करणारा कागद गावोगाव यायला आणखी चाळीस वर्षे जायची होती.

तोवर वयाचा कागद शाळेने दिला. शाळेत नाव घालताना जन्मतारीख लिहावीच लागते, आणि बापाला ती माहीत नसते. मग गुरुजी पोराच्या अंगापिंडावरून अंदाज करीत, डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरता येतो का ते पाहत, आणि सहा वर्षे पुरी होतील असा हिशेब करून तारीख टाकीत. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने ती तारीख बहुधा १ जून असे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत एका पिढीचा वाढदिवस म्हणूनच एका दिवशी येतो. पुढे त्याचे पडसाद सरकारी सेवेत उमटले. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे दर ३१ मे रोजी राज्यातल्या कचेऱ्या, शाळा आणि पोलीस ठाण्यांतून निरोप समारंभांची रीघ लागते. शिक्षकांच्या या अंदाजाला कुणी हसू नये. त्यांनी लिहिलेली तारीख नसती तर कितीतरी मुलांना परीक्षेचा अर्जही भरता आला नसता.

शाळेच्या रजिस्टरचे मोल दाखवणारी एक नोंद साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. साताऱ्याच्या त्या ओळीत मूल आपल्या नावाने उभे आहे, कुणाचा तरी मुलगा एवढेच म्हणून नव्हे. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

सीमेपलीकडे, गोव्यात, जन्माच्या नोंदीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तके शतकानुशतके होती. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, नोंदणी चर्चकडून काढून सरकारी निबंधकाकडे देणारा कायदा १९११ मध्ये झाला, आणि काही वर्षांत ती पद्धत गोव्यातही आली. हिंदू घरांसह सर्वांसाठी. पोर्तुगीज नोंद म्हणजे एक लहानसा परिच्छेदच असतो. बाळाचे नाव, आई आणि बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, साक्षीदार, आणि समासात पुढे त्या माणसाच्या लग्नाचा व मृत्यूचा उल्लेख करायला जागा. तिथला नागरी कायदा वारसा आणि वैवाहिक मालमत्ता यांवर उभा असल्यामुळे त्या सरकारला माणूस कोणाचा कोण हे नेमके हवे होते. मुंबई इलाख्याच्या वहीने साथ मोजली, गोव्याच्या पुस्तकाने नाती बांधली. फरक इतका मोठा आहे, की १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुले-नातवंडे आजही त्या जुन्या नोंदीची पूर्ण नक्कल काढतात आणि लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात पूर्वजाचा जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवतात. जन्मानंतर साठ-सत्तर वर्षांनी, दुसऱ्या खंडात केलेली ही उशिराची नोंदणी हजारो कुटुंबांना युरोपात घेऊन गेली. तिच्यामुळे भारतीय नागरिकत्व जाते, आणि तो वाद गोव्यात अजून धुमसतो आहे.

स्वतंत्र भारतात देशभर एकच कायदा यायला १९६९ उजाडले. त्याआधी १८८६ चा केंद्रीय कायदा होता, पण तो ऐच्छिक नोंदणीचा. बाकी प्रांतोप्रांतीचे आपापले नियम. १ एप्रिल १९७० पासून बहुतेक राज्यांत जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम लागू झाला. दरम्यान वतने खालसा झाली होती, कुलकर्णी जाऊन तलाठी आले होते, ग्रामपंचायती उभ्या राहिल्या होत्या. वही या हातातून त्या हातात गेली आणि त्या धांदलीत काही ठिकाणी गहाळही झाली. आज महाराष्ट्रात खेड्यात ग्रामसेवक हा निबंधक, जिल्ह्याला जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि राज्याचे कार्यालय पुण्यात आरोग्य खात्याच्या छत्राखाली. साथी मोजण्यासाठी जन्मलेली व्यवस्था अजून त्याच खात्याकडे आहे.

कायद्याचा गाभा साधा आहे : जिथे जन्म, तिथे नोंद. महाराष्ट्रात हा नियम एका जुन्या चालीला येऊन भिडतो. पहिले बाळंतपण माहेरी. मूल वाढते बापाच्या गावी, शाळेत जाते बापाच्या गावी, रेशनकार्डावर चढते बापाच्या गावी. जन्माची नोंद मात्र आजोळच्या ग्रामपंचायतीत. चाळीस वर्षांनी दाखला हवा झाला की माणूस आधी आपल्या गावचे रजिस्टर चाळून येतो, तिथे काही मिळत नाही, आणि मग कुणीतरी जाणता विचारतो, “तुझी आई बाळंतपणाला कुठं गेली होती?” ऊसतोड कामगारांचे हाल याहून वाईट. बीडहून निघालेली टोळी सहा महिने कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकातल्या फडावर. कोपीत बाळंतीण झालेल्या बाईच्या लेकराची नोंद त्या गावात व्हायला हवी, जिथे त्या कुटुंबाला कुणी ओळखत नाही आणि हंगाम संपला की ते पुन्हा येईलच याचा भरवसा नाही. चालत्या वाहनातल्या जन्माचाही नियमांत विचार आहे : वाहन पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी वाहनप्रमुखाने खबर द्यायची. रेल्वे आणि एसटीसाठी नियम झाला, फडासाठी वेगळी सोय कुणाला सुचली नाही.

नावाची अडचण नव्या कायद्यानेही पुरती सुटली नाही. आपल्याकडे नाव बाराव्या-तेराव्या दिवशी बारशाला ठेवतात. त्याआधी पाचवीला सटवाईची पूजा होते, आणि तिने बाळाचे भविष्य लिहावे म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. दवाखान्याचा अहवाल मात्र जन्मानंतर लगेच जातो, तेव्हा नावाची जागा कोरीच असते. कायद्याने यासाठी वाट ठेवली आहे. एक वर्षापर्यंत नाव फुकट घालता येते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. लोकांना हे माहीत नव्हते. दाखला मिळाला म्हणजे काम झाले असे समजून तो ट्रंकेत ठेवला गेला, आणि मूल दहावी-बारावीला आल्यावर कळले की त्यावर नावच नाही. अशी प्रकरणे इतकी साचली की नाव घालण्याची मुदत सरकारला पुनःपुन्हा वाढवावी लागली.

नोंदच नसेल तर याच कायद्याच्या कलम १३ कडे जावे लागते. मुदत २१ दिवसांची. २०२३ च्या दुरुस्तीआधी ३० दिवसांपर्यंत नुसते विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि शपथपत्र, वर्षानंतर मात्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २००० च्या नियमांत या तीन टप्प्यांची फी २, ५ आणि १० रुपये होती. खरा खर्च फीचा नव्हताच. आधी ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा अनुपलब्धता दाखला, मग शाळा सोडल्याचा दाखला, आईबापांची कागदपत्रे, स्टॅम्पपेपरवरचे प्रतिज्ञापत्र, वकील, तारखा, बुडालेली मजुरी. दहा रुपयांच्या नोंदीसाठी माणूस हजारोंना उतरायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे काम न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि त्यांनी अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिले. त्याच दिवसापासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच पुरावा झाला. २०२५ च्या सुरुवातीला मालेगावसह काही ठिकाणी खोट्या कागदांवर दाखले दिल्याच्या तक्रारी झाल्या, राज्य सरकारने चौकशी लावली, विलंबित दाखले काही काळ थांबवले, आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. खोटा दाखला देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण प्रत्येक उशिराच्या अर्जाकडे संशयाने पाहणे हा त्या लोकांवर अन्याय आहे, ज्यांच्यापर्यंत वही पोचलीच नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी फक्त ४१ टक्क्यांच्या जन्माची नोंद होती. २०१९-२१ मध्ये ती ८९ टक्क्यांवर गेली. नोंद नसलेली ती मुले आज विशीत आहेत, आणि त्यांचे आईबाप त्याहून जुन्या काळातले.

या अर्जदारांत सर्वांत बिकट अवस्था म्हाताऱ्या बायकांची. जन्म घरी, सुईणीच्या हातून. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, म्हणजे १ जूनचाही आधार नाही. लग्नात तांदळात नवे नाव लिहिले गेले आणि माहेरचे नाव मागे राहिले. जुन्या वहीत तिची ओळ असलीच तर ती वडिलांच्या नावाखाली, ‘मुलगी’ म्हणून. मतदार यादीत, आधारवर आणि सातबाऱ्यावर सासरचे नाव आणि नवऱ्याचे आडनाव. या दोन टोकांना जोडणारा कागद तिच्याजवळ नसतो. असतो तो माहेरचा भाऊ, भावकीतला एखादा म्हातारा, नाहीतर आळीतली बरोबरीची मैत्रीण. अधिकाऱ्याला स्थानिक चौकशी करण्याचा अधिकार आहे. तलाठी आणि ग्रामसेवकाने तिच्या माहेरच्या गावी जाऊन या माणसांचे जबाब घ्यावेत, जुन्या रजिस्टरात तिच्या वडिलांच्या नावाखालच्या ओळी तारखेच्या क्रमाने मांडाव्यात, भावंडांच्या वयाशी ताडून तिची ओळ कोणती ते ठरवावे, आणि पंचनाम्यात तिची दोन्ही नावे लिहावीत. हे दोन दिवसांचे काम आहे. तिने तालुक्याला घातलेल्या फेऱ्यांपेक्षा ते नक्कीच कमी आहे.